माळावर लावायचं तर तरवड

जून उजाडला की गावोगावी खड्डे पडतात. ग्रामपंचायतीचे, शाळेचे, सोसायटीचे, एखाद्या कंपनीच्या पैशातले. त्यांत गुलमोहर जातो, काशीद जातो, गिरिपुष्प जातं, अलीकडे कोनोकार्पसही जातो. फोटो निघतात. मार्चपर्यंत टँकरचं पाणी पुरतं, एप्रिलमध्ये तोच टँकर माणसांसाठी लागतो आणि मे संपेपर्यंत खड्ड्यात नुसती काठी उरते. पुढच्या जूनला खड्डा तयारच असतो, तेवढी मजुरी वाचते.

हे सगळं जिथे चालतं त्याच माळावर, खड्ड्यापासून चार पावलांवर, कुणी न लावलेलं आणि कुणी पाणी न घातलेलं एक झुडूप पिवळ्याधमक फुलांनी भरलेलं असतं. ते म्हणजे तरवड. खड्डे घेताना आड येतं म्हणून पुष्कळदा पहिली कुदळ त्याच्यावरच पडते.

माण-खटाव, आटपाडी, जत, सांगोला, करमाळा, कर्जत, श्रीगोंदा, आष्टी या पट्ट्यात ज्यांची जमीन आहे, पुण्या-सोलापूरच्या आसपास ज्यांनी मुरमाड प्लॉट घेतला आहे, किंवा ज्यांच्या शाळेच्या, सोसायटीच्या आवारात एक उघडा, तापणारा, कशालाच दाद न देणारा तुकडा आहे, त्यांनी रोपवाटिकेत जाण्याआधी तरवडाचा विचार करावा. ते आधीच उभं असेल तर त्याला हात लावू नये, एवढं केलं तरी निम्मं काम झालं.

ओळख पक्की करून घ्या

शास्त्रीय नाव सेना ऑरिक्युलाटा. जुन्या पुस्तकांत कॅशिया ऑरिक्युलाटा असं सापडेल. भारत आणि श्रीलंकेच्या कोरड्या भागांतलं हे मूळचं झुडूप. उंची कमरेपासून डोक्याएवढी, चांगल्या जागी थोडी जास्त. साल तांबूस-तपकिरी. पान संयुक्त, त्यात साधारण आठ ते बारा जोड्या पर्णिका आणि प्रत्येक जोडीच्या मध्ये दांड्यावर एक बारीक उभी ग्रंथी. ओळखीची सगळ्यात सोपी खूण मात्र पानाच्या बुडाशी आहे: देठ खोडाला जिथे मिळतो तिथे दोन्ही बाजूंना कानाच्या पाळीसारखी रुंद हिरवी उपपर्णं असतात. फुलं नसतानाही एवढ्यावरून तरवड ओळखता येतो.

फुलं पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत भरात असतात, थोडीफार तर वर्षभर दिसतात. शेंगा चपट्या, कागदासारख्या पातळ, वाळल्यावर तपकिरी. त्यांत दहा ते वीस बिया.

गोंधळ होतो तो भाऊबंदांशी. टाकळा वर्षायू असतो, पानात तीनच जोड्या आणि शेंगा लांब, बारीक, वाकड्या. कासविंद्याच्या पर्णिका टोकदार, संख्येने कमी, आणि पान चुरगाळलं की घाण वास येतो. रोपवाटिकेत ‘पिवळ्या फुलाचं झुडूप’ मागितलंत तर बहुतेक वेळा घंटीच्या आकाराच्या फुलांचा टेकोमा हातात पडतो. तो अमेरिकेतला. काटक आहे, फुलतो छान, पण इथल्या माळाशी त्याचा संबंध नाही. सेना स्पेक्टाबिलिस नावाचं आणखी एक पिवळ्या फुलांचं झाड शोभेचं म्हणून मिळतं. वायनाड आणि निलगिरीच्या जंगलांत त्याने असे काही हातपाय पसरले आहेत की वनखात्याला ते उपटत बसावं लागतं. ते तर चुकूनही आणू नका.

एकेकाळी तरवडाला चांगला भाव होता. त्याच्या सालीत टॅनिन भरपूर, म्हणून चामडं कमावायला ती लागायची. मद्रासकडच्या कातडी कारखान्यांचं हेच मुख्य द्रव्य होतं, पुढे आफ्रिकेतून येणाऱ्या वॅटलच्या सालीने ते मागे पडलं. साल गेली तशी किंमतही गेली. नवरात्रात घटाच्या माळेत कारळ्याच्या फुलांबरोबर तरवडाची फुलं अजून बऱ्याच घरांत असतात, तेवढीच त्याची आठवण. शेजारच्या तेलंगणाने मात्र ‘तंगेडू’ या नावाने त्याला राज्यफूल केलं. बतुकम्माच्या सणात फुलांची जी उतरंड रचतात ती तंगेडूशिवाय होत नाही. आपल्याकडे तो मान ताम्हणाकडे गेला. ताम्हण सुंदर आहे, तक्रार नाही. पण ते ओढ्या-नदीकाठचं, ओलाव्यातलं झाड. माणदेशातल्या माणसाला त्याचं फूल बघायला घाट उतरावा लागतो.

पाहुणे कोण येतात

सकाळी ऊन जरा वर आल्यावर फुललेल्या तरवडापाशी शांत उभे राहा. मोठा काळा भुंगा येईल, लाकूड पोखरून घर करणारा. उडताना त्याचा आवाज जाड, घोगरा असतो. फुलावर बसून त्याने पुंकेसर पायांत कवटाळले की पंख हलायचे थांबतात, छातीचे स्नायू थरथरायला लागतात आणि आवाज एकदम चढून बारीक होतो. क्षणभर तो सूर टिकतो, तुटतो, पुन्हा लागतो. तरवडाच्या परागकोशांना उभी चीर नसते, टोकाला फक्त छिद्रं असतात. त्या थरथरीने छिद्रांतून परागांची पिवळी धूळ बाहेर उडते. फुलात मध नाहीच, पराग हीच मजुरी. त्यातही वाटणी आहे. मधले आखूड पुंकेसर भुंग्याच्या पोटासाठी, आणि खालचे लांब, वाकलेले पुंकेसर त्याच्या अंगावर गुपचूप पराग टाकण्यासाठी, म्हणजे ते पुढच्या फुलाला पोचतील. वरचे तीन तर वांझच असतात.

मधमाशीला असं थरथरवणं जमत नाही. ती येते, सांडलेलं गोळा करते. खरं काम भुंग्याचं आणि पोटावर निळे पट्टे असणाऱ्या लहान जंगली माश्यांचं. याचा तुमच्याशी संबंध असा, की वांगी, टोमॅटो ही पिकंही परागकोशाला छिद्रं असणारी आहेत आणि अशा थरथराटाने त्यांची फळधारणा सुधारते. बांधावर तरवड असला की हे भुंगे मळ्याच्या आसपास राहतात. त्यांना घर मात्र हवं. काळा भुंगा वाळलेल्या लाकडात, बांबूच्या नळीत अंडी घालतो; निळ्या पट्ट्यांची माशी उघड्या मातीच्या कडेत बिळं करते. म्हणून तरवडाच्या जवळ एखादं वाळकं खोड पडू द्या, जुन्या बांबूचे तुकडे आडवे बांधून ठेवा आणि तालीची एक कड न लिंपता, न झाकता सोडा. त्याला खर्च शून्य. ‘स्वच्छता’ करण्याची हौस तेवढी आवरावी लागते.

पर्णिकांच्या मधल्या ज्या ग्रंथी सांगितल्या त्यांतून गोड रस पाझरतो. त्यासाठी मुंग्या झाडावर फिरत राहतात आणि फिरता फिरता पानं खाणाऱ्या किडीलाही हाकलतात. तरी पावसाळ्यात पानांवर हिरव्या, कडेला फिकट रेघ असलेल्या अळ्या दिसतीलच. त्या ‘एमिग्रंट’ गटातल्या फिकट हिरवट-पांढऱ्या फुलपाखरांच्या. ‘ग्रास यलो’ नावाची छोटी पिवळी फुलपाखरंही या कुळातल्या झाडांवर अंडी घालतात. एखाद्या वर्षी अळ्या झुडूप पार खराट्यासारखं करून टाकतात. घाबरून फवारणीचा पंप काढू नका. पंधरा-वीस दिवसांत नवी पालवी येते, आणि त्या अळ्यांवर वटवट्या, बुलबुल, चिरक यांची पिल्लं वाढतात. अळी नको आणि पक्षी हवेत, हे एका आवारात जमत नाही.

शिवाय आडोसा. जमिनीलगतच दाट फांद्या फुटत असल्याने दुपारच्या उन्हात ससा, तित्तीर, लावे, सरडे सगळेच तरवडाच्या बुडाशी सापडतात. खाटीक पक्षी शेंड्यावर बसून टेहळणी करतो.

गुरं आणि शेळ्या तरवडाला सहसा तोंड लावत नाहीत. याच गुणामुळे तो बदनामही आहे. ज्या गायरानात चराई अति झाली तिथे चांगलं गवत संपतं आणि तरवड तेवढा उरतो. मग लोक म्हणतात, तरवडाने गवत खाल्लं. गवत गुरांनी खाल्लं, तरवड फक्त मागे राहिला. उलट त्याच्या फांद्यांच्या आत, जिथे गुराचं तोंड पोचत नाही तिथे, मारवेलीचं किंवा पवन्याचं एखादं ठोंब टिकून असतं आणि त्याचंच बी पुढे पसरतं. तेव्हा तरवडाचं रान माजलेलं दिसलं तर आधी चराई थोपवा. झुडूप उपटण्याचा विचार नंतर.

कुठे लावावा, कुठे मुळीच नाही

उघडं ऊन, निचरा होणारी जमीन, मग ती मुरूम असो, खडकाळ असो, चुनखडीची असो, तरवडाला चालते. वर्षाला पाचशे मिलिमीटर पाऊस त्याला पुरतो, कमी पडला तरी तग धरतो. त्याला मारायचं असेल तर दोनच उपाय: सावली आणि साचलेलं पाणी. काळ्या भारी जमिनीत लावायचाच असेल तर वरंब्यावर किंवा बांधावर लावा. हिरवळीच्या शेजारी, रोज सुटणाऱ्या ठिबकच्या लायनीवर लावलेला तरवड लांबट, लिबलिबीत वाढतो आणि एखाद्या पावसाळ्यात मुळं कुजून बसतो. सोसायटीच्या माळ्याला हे आधीच सांगून ठेवा, कारण पाणी घालणं हे त्याच्या हाताला लागलेलं वळण असतं.

चांगल्या जागा म्हणजे ताली, बांध, चराच्या मातीचे ढीग, रस्त्याच्या कडा, खाणीच्या खरवडलेल्या उतरणी, विहिरीच्या खोदाईतून निघालेल्या मुरमाचे ढिगारे, शाळेचं कुंपण. त्याची मुळं उतरणीची माती धरून ठेवतात आणि जनावराच्या तोंडाची भीती नसल्याने राखण लागत नाही.

आता जिथे लावू नये ती जागा. चांगल्या गवताळ माळाच्या मधोमध तरवडच काय, काहीच लावू नये. माळ म्हणजे मेलेलं जंगल, त्याला झाडं लावून जिवंत करायचं, ही समजूत आपल्याकडे इतकी रुजली आहे की वृक्षारोपणाच्या सगळ्या योजना आधी माळाकडेच बोट दाखवतात. प्रत्यक्षात गवताळ माळ ही स्वतंत्र, फार जुनी परिसंस्था आहे. रेहेकुरीचे काळवीट, सुपे-मयूरेश्वरचे चिंकारा, इंदापूरकडच्या कडबनवाडीच्या माळावरचे लांडगे, नान्नजचा माळढोक, शिवाय खोकड, धाविक आणि चंडोल, या सगळ्यांना लांबवर नजर जाईल असा उघडा माळ लागतो. जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्याच्या दृष्टीने दाट झाडी म्हणजे शत्रूला दिलेला आडोसा. तिथे चर खणून रोपं लावणं हे वन्यजीवांसाठी केलेलं काम नव्हे, त्यांच्याविरुद्ध केलेलं काम आहे, मग त्याचा फलक कितीही हिरवा असो.

तुमच्या जमिनीत असा गवताचा तुकडा असेल तर तो तसाच राखा. तरवड त्याच्या कडेला, ओहळाच्या काठाला, दगडांच्या राशींपाशी लावा. तिथेही सरळ रांगा नकोत. पाच-सात झुडपांचा एक पुंजका, मग वीस-पंचवीस पावलं मोकळी, मग दुसरा पुंजका. प्राण्यांना लपायला जागा मिळते आणि गवतालाही ऊन मिळतं.

कोकणात आणि गोव्यात तरवड नेऊ नका. तिथल्या पावसात तो सुखी राहत नाही आणि तिथल्या सड्यांना करवंदीसारखी स्वतःची झुडपं आहेत.

बी धरण्यापासून रुजण्यापर्यंत

शेंगा डिसेंबरनंतर वाळायला लागतात. तपकिरी होऊन हलवल्यावर आत बी खुळखुळलं की तोडाव्यात. त्याहून उशीर केला तर शेंगेत भुंगेरे शिरतात आणि निम्म्या बियांना भोकं पडलेली सापडतात. एका झुडपावरून सगळ्या शेंगा ओरबाडू नका. थोड्या थोड्या, पुष्कळ झुडपांवरून घ्या, आणि शक्यतो आपल्याच परिसरातून. त्या मातीला, त्या पावसाला सरावलेलं बी बाहेरून आणलेल्या बीपेक्षा भरवशाचं. राखीव जंगलातून किंवा अभयारण्यातून गोळा करायचं असेल तर परवानगी लागते. रस्त्याकडेला इतका तरवड असतो की तशी वेळ येणार नाही.

शेंगा सावलीत वाळवून, चोळून बी काढा, पाण्यात टाका. तरंगेल ते पोकळ, फेकून द्या. बुडालेलं पुन्हा वाळवून राखेत मिसळून मातीच्या किंवा काचेच्या बरणीत ठेवा.

बीचं कवच टणक असतं, पाणी सहजी आत शिरू देत नाही. थोडंच बी असेल तर प्रत्येक दाणा पॉलिश पेपरवर किंवा खडबडीत दगडावर एका बाजूने घासा. ज्या टोकाला नाळेची खूण आहे ते टोक सोडून घासायचं, कवचाचा रंग तेवढ्यापुरता फिका दिसला की थांबायचं. जास्त बी असेल तर पाण्याला उकळी आणा, भांडं खाली उतरवा, मग बी टाका आणि रात्रभर तसंच निवू द्या. चुलीवर भांडं असताना बी टाकलं तर ते शिजतं. सकाळी फुगून दुप्पट झालेलं बी वेगळं काढा, ते पेरणीला तयार. जे फुगलं नाही त्याला हाच प्रयोग पुन्हा एकदा.

पुढे दोन वाटा. पहिली, आणि माझ्या मते माळासाठी उत्तम, म्हणजे जागेवरच टोकणं. तरवडाचं सोटमूळ खोल जातं आणि त्याला पिशवीत वेटोळं घालावं लागलं नाही तर ते पहिल्याच वर्षी ओलाव्यापर्यंत पोचतं. मृगाचा एखादा दमदार पाऊस झाला, मुरूम बोटभर ओला झाला, की कुदळीने ढेकूळ मोकळं करून एका जागी चार-पाच बिया, पेराएवढ्याही नाही, त्याच्या निम्म्या खोलीवर टाका आणि वर माती सारा. यातल्या दोनच बिया प्रक्रिया केलेल्या असू द्या, बाकीच्या तशाच कोऱ्या. दुष्काळी पट्ट्यात पहिला पाऊस पडून नंतर तीन आठवडे आभाळ कोरडं राहणं नवीन नाही. प्रक्रिया केलेलं बी लगेच रुजतं आणि अशा उघडिपीत मरतं. टणक कवचाचं बी वाट बघत राहतं, पुढच्या पावसाला, कधी कधी पुढच्या वर्षीही उगवतं. रानात तरवड स्वतः हाच जुगार खेळत आला आहे.

दुसरी वाट रोपांची. कुंपणासाठी, शाळेसाठी, जिथे लगेच काहीतरी दिसायला हवं तिथे ती बरी. फेब्रुवारी-मार्चमध्ये पिशवीत दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत भरा, पिशवी शक्यतो लांबट घ्या. जुलैत लावायचं रोप वीतभर ते फूटभर उंचीचं पुरे. कमरेएवढं रोप बघून हरखू नका. त्याचं मूळ पिशवीच्या तळाशी गोल फिरलेलं असतं आणि असं झुडूप आयुष्यभर उथळच राहतं. खड्डा फूटभर लांब, रुंद, खोल. खताचा मारा करायचा नाही, ओंजळभर शेणखत खूप झालं. कुंपण करायचं असेल तर दोन ओळी, ओळीतलं अंतर दोन फूट, रोपांतलं अडीच, आणि एका ओळीतलं रोप दुसऱ्या ओळीतल्या फटीसमोर येईल असं.

उतारावर असाल तर रोपाच्या खालच्या अंगाला अर्धचंद्राकृती बांध घाला, म्हणजे वरून येणारं पाणी त्याच्यापाशी थबकेल. बुंध्याभोवती हाताला येतील ते दगड रचा. माळावर पालापाचोळ्याचं आच्छादन वाऱ्याने उडतं किंवा वाळवी नेते, दगड कुठे जात नाहीत. त्यांच्याखाली ओल राहते आणि काही दिवसांत सापसुरळ्यांची वस्ती होते.

एक गैरसमज दूर करू. तरवड शेंगवर्गी आहे म्हणून तो हवेतला नत्र जमिनीत धरतो, असं सर्रास सांगितलं जातं. या गटातली बहुतेक झाडं मुळांवर त्या गाठी धरत नाहीत. पाला मात्र चांगला कुजतो, दक्षिणेत भातखाचरात हिरवळीचं खत म्हणून तो वापरत आले आहेत. बांधावरच्या छाटणीचा पाला शेतात टाकायला हरकत नाही.

पहिली दोन वर्षं आणि नंतर

पहिल्या वर्षी वाढ दिसत नाही. दसऱ्याला वीतभर, संक्रांतीला वीतभर, आणि लावणारा वैतागतो. वाढ खाली चाललेली असते. रोप लावलं असेल तर पहिल्या उन्हाळ्यात दहा-पंधरा दिवसांनी एकदा, पण भरपूर पाणी द्या. रोज तांब्याभर घालू नका, त्याने मुळं वरच रेंगाळतात. टोकलेल्या बीला पाणी घालूच नका. जगेल ते जगेल, आणि जगलेलं कधी पाणी मागणार नाही. दुसऱ्या पावसाळ्यानंतर बहुधा फुलं दिसू लागतात. तिथून पुढे पाणी बंद.

छाटणी फेब्रुवारी ते एप्रिल या काळात करावी, शेंगा झडून गेल्यावर. गुडघ्याएवढं ठेवून वरचं कापलं तरी पावसाळ्यात तो दाट फुटतो. फक्त सगळं कुंपण एकाच वर्षी कापू नका. तिसरा हिस्सा या वर्षी, तिसरा पुढच्या, असं केलं की फुलं, बी आणि आडोसा यांत खंड पडत नाही. जून ते सप्टेंबर कात्री म्यानात, कारण घरटी त्याच दिवसांत असतात. आणि छाटणी हवीच असं नाही. माळावरच्या पुंजक्यांना कधीच हात लावला नाही तरी चालेल. वणव्यात वरून जळालेला तरवडही पुष्कळदा बुडातून फुटतो, मात्र दरवर्षी पेटवलेल्या माळावर तोही हळूहळू खंगतो.

एकट्या तरवडाचं रान करायचं नाही. त्याच्या जोडीला बोराटी हवी. तिची बोरं कोल्ह्या-खोकडांपासून पाखरांपर्यंत सगळे खातात आणि तिच्या काट्यांत घरटी सुरक्षित राहतात. हेंकळ हवी, ओहळाकाठी निरगुडी हवी. मधूनच एखादा हिवर किंवा बाभूळ, तोही विरळ. तरवड फुलतो हिवाळ्यापर्यंत, पिकतात बोरं त्याच सुमारास, आणि उन्हाळ्यात सावली बाभळीची. खाली मारवेल, पवन्या, कुसळी आपणहून येतील, गुरं दोन पावसाळे बाहेर ठेवली तर. घाणेरी आणि वेडी बाभूळ दिसली की लहान असतानाच मुळासकट काढा. ती मोठी झाली की जेसीबीशिवाय हलत नाहीत, आणि जेसीबी आला की आधी तरवडच जातो.

गच्चीवर लावणाऱ्यांसाठी दोन ओळी: दीड फूट खोलीची कुंडी, निम्मा मुरूम, दिवसभराचं ऊन आणि पाण्याच्या बाबतीत कंजुषी. जगेल, फुलेल, भुंगेही येतील. पण तो कुंडीतला तरवड.

औषध म्हणून त्याच्या वाटेला जाताना जपून. तमिळनाडूत आवारम या नावाने वाळलेल्या फुलांचा चहा विकतात, मधुमेहावर गुणकारी म्हणून त्याची जाहिरातही होते. चालू असलेल्या गोळ्यांबरोबर तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. शाळेच्या आवारात तरवड लावताना मुलांना एक गोष्ट नक्की सांगा: पिवळ्या फुलांच्या झुडपांच्या शेंगा तोंडात घालायच्या नाहीत. तरवडाच्या शेजारी हमखास उगवणाऱ्या कासविंद्याचं बी विषारी आहे. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलांच्या एका जीवघेण्या आजाराचं मूळ ते खाण्यात सापडलं होतं. आवारात कासविंदा दिसला तर शेंगा धरायच्या आधी उपटून टाका.

रोपवाटिकेत तरवड मिळेलच असं नाही, कारण तो कुणी मागत नाही. सोपा मार्ग म्हणजे जानेवारीत स्वतः बी गोळा करून जवळच्या रोपवाटिकेला द्यायचं, रोपामागे दर ठरवायचा आणि जुलैत रोपं उचलायची. वनखात्याच्या किंवा सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेतही आदल्या हिवाळ्यातच मागणी नोंदवून ठेवा. जूनमध्ये गेलात तर शिल्लक असेल ते गळ्यात पडतं. रोपं ताब्यात घेताना देठाच्या बुडाची ती रुंद उपपर्णं प्रत्येक ट्रेमध्ये दोन-चार रोपांवर तरी तपासा. आणि लावणी झाल्यावर त्या जागेवर साफसफाई करणाऱ्या मुकादमाला, माळ्याला, ग्रामपंचायतीच्या शिपायाला प्रत्यक्ष तिथे नेऊन रोप दाखवा, कारण दिवाळीआधीच्या गवतकापणीत पहिल्या वर्षीचा तरवड तणच दिसतो.